धवलारणीचा पत्ता कोण फिरवतं?

१. मेथी निवडताना बेपत्ता

शुक्रवारी सकाळी सत्यवती धवलारीण पुन्हा एकदा बेपत्ता झाली. त्या वेळी ती स्वतःच्याच स्वयंपाकघरात बसून मेथी निवडत होती.

ती बेपत्ता झाल्याचं तिच्या मुलीला, मितालीला, मोबाइलवर कळलं. 'अख्खं पनवेल' नावाची एक सूची इंटरनेटवर आहे. बोअरवेलवाल्यापासून मेंदीवालीपर्यंत सगळ्यांची नावं आणि वेबसाइटचे पत्ते तिच्यात सापडतात. त्यात 'धवलारीण' या सदरात सत्यवतीचं नाव होतं, फोटो होता, आणि त्याखाली वेबसाइटचा पत्ता होता: चिंचखारधवला डॉट इन. गुरुवारी मितालीनं तिथे नवा पत्ता घातला होता, पनवेलधवलारीण डॉट कॉम. रात्रीत तो गेला आणि जुना परत येऊन बसला. महिनाभर हेच चाललं होतं. मिताली घालायची, कोणीतरी काढायचं. सोबत नावापुढची खात्रीची हिरवी खूण पण जायची.

मितालीनं आपल्या मैत्रिणीला, कादंबरी घरतला, फोन लावला.

कादंबरी काही गुप्तहेर नव्हती. ती विमा कंपनीसाठी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर ठोकलेल्या गाड्या तपासायची. "मी सरळ चाललो होतो मॅडम, खांबच आडवा आला," असं छातीवर हात ठेवून सांगणारे ड्रायव्हर तिला रोज भेटायचे. त्यामुळे माणूस कुठे खोटं बोलतो हे तिला बंपर बघून कळायचं. माणसांना बंपर नसतो, ही तिची एकमेव अडचण.

"कोणीतरी माझी आई चोरतंय," मिताली म्हणाली.

"जेवणाच्या सुट्टीत येते," कादंबरी म्हणाली. "तोवर कशाला हात लावू नका."

"मेथीला पण?"

"मेथी चालेल."

२. आवाज जपून ठेवा

चिंचखार गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि गावातली घरं उठून नव्या सेक्टरमध्ये आली. मितालीचं घर आता तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती. तिच्यावर 'लिफ्ट लवकरच सुरू होईल' अशी पाटी होती, आणि पाटीला गंज चढला होता.

धापा टाकत कादंबरी आत आली तेव्हा सत्यवतीमावशीनं तिला हातानंच बस म्हटलं. मावशी बोलत नव्हती. आगरी लग्नात हळदीपासून मांडव उतरेपर्यंत धवले गाणारी ही बाई. भटजी उशिरा आला तर लोक थांबतात, धवलारीण उशिरा आली तर लग्नच थांबतं. आणि तिला डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. गळ्यात गाठ होती. पुढच्या महिन्यात ऑपरेशन.

"नंतर आवाज तसाच राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत," मिताली हळू म्हणाली. कोपऱ्यात तिचे वडील, दाजी, मोबाइलवर बैलगाडा शर्यत बघत होते. ते गावभराचे दाजी होते, त्यामुळे घरातही दाजीच. "म्हणूनच घाई आहे ना. पुण्याच्या एका संग्रहालयाची माणसं धवले रेकॉर्ड करायला येतायत. सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोणती धवलारीण घ्यायची, ते उद्या दुपारी ठरवणार."

"मग फोन करून सांग की, आई इथे आहे."

"केला. संग्रहालयाच्या मॅडम म्हणाल्या, गेल्या वर्षी एका बाईनं सिनेमाची गाणी धवले म्हणून गायली आणि साडीचोळी घेऊन गेली. तेव्हापासून नियम. सूचीत हिरवी खूण हवी आणि वेबसाइट उघडायला हवी. नाहीतर दुसरं नाव."

"दुसरं नाव कोणाचं?"

मावशीनं लहान मुलांची पाटी पुढे ओढली आणि त्यावर ठसठशीत लिहिलं: मैना. मग एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि या वेळी अक्षर जास्त दाबलं.

"वेबसाइटचं नाव बदललंच कशाला तुम्ही?"

"गिऱ्हाईक विचारायचं, चिंचखार कुठे आलं? मॅपवर टाकलं की धावपट्टी दाखवायचं," मिताली म्हणाली. "लोकांना वाटायचं फसवाफसवी आहे. म्हणून नवं नाव घेतलं, जुन्याची मुदत संपू दिली. आता जुनं कोणीतरी दुसऱ्यानंच घेतलंय. बघ त्यावर काय आहे."

कादंबरीनं चिंचखारधवला डॉट इन उघडलं. काळं पान, मधोमध एका निरांजनाचा फोटो, खाली तारीख. बोट सरकवलं. कालचं निरांजन. परवाचं निरांजन. कधी शेजारी जास्वंद, कधी मोगरा, कधी नुसतीच वात. ना फोन नंबर, ना नाव, ना जाहिरात.

दुसऱ्याच्या घरात शिरलेला चोर तिथे रोज दिवा लावून जात होता.

३. बिर्याणीचा नियम

'अख्खं पनवेल' चालवणारे झकेरियाचाचा आपल्या अत्तराच्या दुकानात बसले होते. समोर लॅपटॉप, लॅपटॉपवर अत्तराचे डाग. पनवेलमधली सगळ्यात सुगंधी वेबसाइट तीच असावी.

"चाचा, सत्यवतीमावशीचा पत्ता कोण बदलतं?"

"मी," चाचा अभिमानानं म्हणाले.

कादंबरी पेन उघडता उघडता थांबली. एवढ्या लवकर गुन्हा कबूल झाला की जेवणाच्या सुट्टीचं काय करायचं?

"पण नियमानं, बेटा. आपले इथे दोन बिर्याणीवाले होते. हा त्याचा पत्ता काढायचा, आपला घालायचा. तो ह्याचा. एकदा एका निकाहची बिर्याणी बारशाला गेली आणि बारशाचं श्रीखंड निकाहला. दुल्ह्याचे अब्बा अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हापासून उसूल केला. कोणी पत्ता बदला म्हणालं की मी बदलतो, पण जुन्या पत्त्यावर ईमेल टाकतो: 'तुम्ही हा पत्ता सोडला आहे का?' 'हो' असं उत्तर आलं तर बदल पक्का. 'नाही' असं आलं तर जुना पत्ता परत, आणि हिरवी खूण बंद."

"मिताली आईला घेऊन स्वतः इथे आली तर?"

"बिर्याणीवालासुद्धा आपल्या अम्मीला घेऊन आला होता," चाचा शांतपणे म्हणाले. "दोन्ही बिर्याणीवाले. अम्मी लोकांची फार भांडणं झाली."

"म्हणजे जुन्या पत्त्यावरून कोणीतरी 'नाही' म्हणतंय."

"दरवेळी. आणि बघ कसं." त्यांनी लॅपटॉप वळवला. पडद्यावर एक ओळ होती.

'नाय. आमी हितंच हाय. दिवा लावलाय, बगा.'

कादंबरीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. खोट्या दाव्यात माणूस लांबलचक लिहितो. पाऊस, कुत्रा, समोरच्या गाडीचे हेडलाइट, सगळं घालतो. हे लिहिणारा खोटं बोलतच नव्हता.

"जुनं नाव आता कोणाकडे आहे, कळेल?"

"ते मला नाही कळत. पण ती साइट बांधली कोणी, ते माहितीय," चाचा अत्तराचा बोळा तिच्या मनगटाला लावत म्हणाले. "त्या मितालीचा मामेभाऊ. केतन."

४. न विचारलेलं उत्तर

केतन तळोज्याच्या कंपन्यांच्या वेबसाइट बांधायचा. त्यांच्या पहिल्या पानावर नेहमी हिरवंगार झाड असायचं. खिडकीतून बाहेर बघितलं की ते झाड कुठे गेलं हे कळायचं.

"जुनी साइट मीच केली होती," तो वडापावचा घास घेत म्हणाला. "नव्याला मितालीनं मला विचारलंसुद्धा नाही. दीपेशकडून करून घेतली. दीपेश! त्याच्या स्वतःच्या साइटवर अजून गेल्या गणपतीची ऑफर आहे."

"राग आला?"

"मला? छे." त्यानं मिरची अख्खी तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं तरी चेहरा तसाच.

"जुनं नाव कोणी घेतलं असेल?"

"सुटलेलं नाव कोणीही घेऊ शकतं. मला काय माहीत? आणि ते रिप्लाय वगैरे मी देत नाही."

कादंबरीनं पेनाचं टोपण लावलं. केतननं चहा उचलला, मग खाली ठेवला, मग कपात चहा नसल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"केतन, मी नावाबद्दल विचारलं होतं. रिप्लायबद्दल मी अजून एक शब्द बोलले नाही."

"मला मीटिंग आहे," केतन म्हणाला.

"कोणाशी?"

"कोणाशी पण." आणि तो उठून गेला. उरलेला वडापाव तसाच टाकून गेला. पनवेलमध्ये याला कबुलीजबाब म्हणतात.

पण कबुली कशाची? जाता जाता टेबलावर पडलेला त्याचा गोव्यातला टोपी घातलेला फोटो कादंबरीनं बघितला होता. त्यावर तारीख होती, आणि त्या तारखेलाही जुन्या साइटवर दिवा लागला होता. केतनला सगळं ठाऊक होतं, पण दिवा लावणारा दुसराच कोणीतरी होता.

५. मैनाला विचारू नये

मैना धवलारीण पळस्प्याच्या नाक्याजवळ राहायच्या. कादंबरीनं सत्यवतीचं नाव घेताच त्यांनी पदर खोचला.

"तिचा आवाज? पानी भरायच्या हंड्यासारखा. मोठा, पन आत काय?" मैनाबाई म्हणाल्या. "आनि तिचा पत्ता मी कशाला बदलू? मला माजा पत्ता ठावं नाय नीट, नातू सांगतो तवा रिक्शावाल्याला सांगते."

"तिचं नाव गळलं तर संग्रहालयवाले तुमच्याकडे येतील."

"आलेले ना. फोनवर." मैनाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. गोव्याकडचा रस्ता गाड्यांनी भरून वाहत होता. "मी सांगितलं, हळदीचे माज्याकडं घ्या. पहाटेचे तिच्याकडंच. ते मला येत नाय. तिच्या आयशीनं तिलाच दिले, दुसऱ्या कोनाला दिले नाय, मेली चिकट होती. ते गेले म्हंजे गेले." मग त्यांना आपण फार चांगलं बोललो असं वाटलं असावं. "पन आवाज हंड्यासारखाच हाय, ते लिवून घे."

कादंबरीनं लिहून घेतलं. मग मोबाइल काढून जुनी साइट दाखवली. "मावशी, हे बघा. रोज दिवा. पण मधेच काही दिवस बंद आहे, ओळीनं. मग पुन्हा सुरू. त्या दिवसांत काय होतं? आठवतंय?"

मैनाबाईंनी तारीख बघितली आणि चेहरा खुलला.

"न आठवायला काय झालं? तवा मला तिची दोन लग्नं मिळाली! सत्यवतीला गाता येत नव्हतं. दाजींचा चुलतभाऊ गेला ना, त्यांच्या भावकीत सुतक होतं."

कादंबरी उठली. चप्पल घालून तिनं रिक्षाला हात केला.

सुतकात देवाला दिवा लावत नाहीत. पण हा देव नव्हता, वेबसाइट होती. वेबसाइटवरही सुतक पाळणारा माणूस शत्रू असू शकत नव्हता. शत्रूला दुसऱ्याच्या भावकीचं सुतक लागत नाही. मैनाबाईंना लागलं नव्हतं, त्या दोन लग्नं गाऊन आल्या. झकेरियाचाचांचा प्रश्नच नव्हता. केतन आईकडचा, मामाचा मुलगा. मेलेला माणूस वडिलांकडचा. त्यालाही नाही.

तिनं रिक्षातून मितालीला फोन लावला. "मिताली, दिवा लावणारा तुझ्याच घरात आहे."

"म्हणजे मी?" मिताली ओरडली.

"येते मी. तिन्हीसांजेच्या आत."

६. गच्चीवरचं निरांजन

"तुम्ही तिघं सुतकात होता," कादंबरी म्हणाली. दाजी नेहमीसारखे संध्याकाळचे फिरायला गेले होते, त्यामुळे समोर मायलेकी दोघीच होत्या. "म्हणून संशयित तिघं. आता सांग, मावशीच्या घशात दुर्बीण घातली, तेव्हा दवाखान्यात रात्र काढली ना?"

"हो. मी आणि आई. दाजी घरीच."

कादंबरीनं मोबाइल पुढे केला. दुर्बिणीच्या दिवशीची तारीख, त्यावर निरांजन, शेजारी जास्वंद.

मावशीनं मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"शक्यच नाही," मिताली म्हणाली. "दाजींना फोन उचलायचं हिरवं बटण आणि बैल, दोनच गोष्टी येतात. आणि ते रोज या वेळी फिरायला जातात."

"कुठे?"

मितालीनं दाराकडे बघितलं. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत गुडघे दुखणारा माणूस रोज तीन मजले उतरून परत चढतो, हे आजवर कोणाला खटकलं नव्हतं.

उतरत नसतील तर वरच जात असतील. तिघी जिना चढून गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीमागे दाजी उकिडवे बसले होते. समोर निरांजन, हातात मोबाइल. वारा अडवायला त्यांनी एक पत्र्याचा डबा आडवा धरला होता. डब्यावर 'उत्तम तूप' असं लिहिलं होतं. टाकीच्या पलीकडे, लांब, धावपट्टीचे दिवे एकेक करून लागत होते.

"दाजी," कादंबरी म्हणाली, "फोटो काढून घ्या आधी. मग बोलू."

दाजींनी फोटो काढला, दोन बोटं दाबली, निवांत झाले.

"केतननं शिकवलं," ते म्हणाले. "पोराला काय बोलू नका, मी त्याला कुलदेवीची आन घातलेली. घर बदललं तरी जुन्या घरात काय दिवस दिवा लावतात ना? वास्तू अंधारात टाकून जायचं नसतं. आमी घर सोडलं तवा मी इचारलं, दिवा कुठं लावू? घरच नाय राहिलं. गाव नाय, देऊळ नाय, चिंच नाय. मंग कळलं का मितालीनं ते इंटरनेटवरचं पन सोडलं. चिंचखार असं लिवलेलं तेवढंच एक राहिलेलं. म्हटलं, केतन, ते घे. तिथं दिवा लावतो."

"आणि ते ईमेल?"

"ते काय येतं म्हाइत हाय? 'तुम्ही हा पत्ता सोडला आहे का?'" दाजींचा आवाज चढला. "आता तूच सांग पोरी. दिवा लावून बसलेल्या मानसाला कोन येऊन इचारतंय, सोडलं का? मी व्हय म्हनू?"

मिताली त्यांच्या शेजारी खाली बसली. झकेरियाचाचांनी बिर्याणीवाल्यांसाठी शोधलेला प्रश्न पनवेलमधल्या एका माणसाला सगळ्यात वाईट जागी जाऊन लागला होता.

मावशीनं पाटीवर लिहिलं आणि दाजींच्या नाकासमोर धरली: मला का नाय सांगितलंस?

"तुला बोलायची बंदी," दाजी म्हणाले.

तिनं ते खोडलं आणि खाली लिहिलं: वात आखूड वळतोस.

"दाजी," कादंबरी म्हणाली, "त्या पत्त्यापायी उद्या मावशीचं रेकॉर्डिंग जातंय. ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. माहितीय ना?"

दाजी बायकोकडे वळले. त्यांना माहीत नव्हतं. त्यांना घरच्यांनी 'घशाला जरा सूज' एवढंच सांगितलं होतं. मावशीनं पाटी खाली ठेवली आणि मान हलवली. होय, जाऊ शकतो.

"पहाटेचे पन जातील?"

पुन्हा मान हलली.

दाजींनी डबा वाऱ्याच्या बाजूला नीट टेकवून ठेवला.

कादंबरीनं तिथूनच झकेरियाचाचांना फोन केला. "चाचा, मितालीचा बदल परत टाका आणि ईमेल पाठवा. आत्ता."

"नियमाप्रमाणे?"

"नियमाप्रमाणे."

दाजींच्या हातातला मोबाइल वाजला. त्यांनी वाचलं. वात एकदा सरळ केली. मग एकेक अक्षर शोधत लिहू लागले. मितालीनं मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. लिहून झालं तसं त्यांनी फोन सगळ्यांना दिसेल असा धरला.

'व्हय.'

आणि पाठवलं. मग निरांजनाकडे बघत म्हणाले, "आता हे इझवायचं का?"

"कशाला?" कादंबरी म्हणाली. "चाचांना फक्त सूचीतला पत्ता हवा होता. ते नाव तुमचंच आहे, दिवा लावा रोज. खाली एवढंच लिहा, की आम्ही इकडे राहायला आलोय, या."

"तूप संपत आलंय," दाजी म्हणाले, आणि डब्यात वाकून बघण्याच्या निमित्तानं त्यांनी तोंड फिरवलं.

खाली उतरताना मितालीनं मोबाइल उघडला. सत्यवती धवलारीण. पनवेलधवलारीण डॉट कॉम. पुढे हिरवी खूण.

७. दोन विमानांच्या मधे

संग्रहालयाची माणसं रविवारी आली. त्यांनी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, शेजारच्या कुकरला शिट्टी न देण्याची विनंती केली. शेजारीण म्हणाली, डाळ कच्ची राहिली तर तुम्ही खाल का? ते म्हणाले, खाऊ. केतन आणि मिताली एकमेकांकडे न बघता एकाच वायरची दोन टोकं धरून उभे होते. मैनाबाई हळदीचे धवले गायला आल्या होत्या आणि पहाटेचे ऐकायला पुढच्या रांगेत बसल्या होत्या.

मावशीनं घोटभर पाणी घेतलं, डोळे मिटले, आणि एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं.

आवाज खरंच हंड्यासारखा होता. पण भरलेल्या.

पहिला धवला संपत आला आणि इमारतीवरून विमान गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. मावशी थांबली नाही. विमानाच्या आवाजाच्या वर आवाज नेऊन तिनं शेवटची ओळ पुरी केली आणि मगच श्वास घेतला.

रेकॉर्डिंगवाला हेडफोन काढत हळहळला. "मावशी, गाणं फर्स्टक्लास. पण ते विमान घुसलंय शेवटी. पुन्हा घेऊया, नाहीतर कॉम्प्युटरवर काढून टाकतो. कळणारसुद्धा नाही."

मावशीनं पाटी शोधली. तिच्याआधी दाजी बोलले.

"राहू द्या ते," ते म्हणाले. "ऐकनाऱ्याला कळू दे, ही कुठं बसून गायली ते."